चार कोटी अंकी संख्येला भाग घालून पाहिला तरी कोणी?

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी जगातील सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा बहुतेक बातम्यांनी तिच्या लांबीचेच कौतुक केले. लांबी आहेच तशी. ही संख्या नेहमीच्या दशमान पद्धतीत लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. एका पानावर तीन हजार अंक बसवले, तर चारशे पानांचे चौतीस खंड भरून वर काही पाने उरतील. सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता वाचत राहिले, तर वाचन संपायला सुमारे ४७५ दिवस लागतील. सुरुवात ८८१६९४३२७५ या अंकांनी होते आणि शेवट ५५१ वर होतो.

मात्र बातमी वाचणाऱ्याला खरा प्रश्न पडायला हवा तो वेगळाच. एक आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही जिला पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या, आणि जिला असा भाग जातो ती संयुक्त संख्या, हे आपण शाळेत शिकतो. ९७ ही संख्या मूळ आहे का हे पाहताना आपण २, ३, ५ आणि ७ ने भाग घालतो आणि थांबतो, कारण पुढची मूळ संख्या ११ आणि तिचा वर्ग १२१, म्हणजे ९७ च्या पलीकडे. मग चार कोटी अंकी संख्येला एवढे भाग कोणी घातले? कोणीही नाही, आणि पुढेही कोणी घालू शकणार नाही.

भागाकाराचा रस्ता बंद का आहे

एखाद्या संख्येचे सर्व संभाव्य विभाजक तपासायचे, तर तिच्या वर्गमुळापर्यंत जावे लागते. आपल्या संख्येचे वर्गमूळच दोन कोटी पाच लाख अंकी आहे. तुलनेसाठी एवढेच लक्षात घ्यावे, की दृश्य विश्वातील सर्व अणूंची अंदाजे संख्या लिहायला ऐंशी-एक्याऐंशी अंक पुरतात. प्रत्येक अणूचा संगणक केला आणि विश्वाच्या जन्मापासून त्या सगळ्यांना भागाकाराला जुंपले, तरी कामाचा उल्लेख करण्याजोगा अंशही पूर्ण झाला नसता. सुरुवातीला काही लहान विभाजक लावून पाहतात हे खरे, परंतु ती केवळ चाळणी असते. तिच्यातून खाली पडली नाही एवढ्यावरून संख्या मूळ ठरत नाही.

म्हणजे ही संख्या मूळ आहे हे विभाजक न शोधता कळले. कसे कळले, हे समजण्यासाठी आधी ती कशी बनली आहे ते पाहावे लागेल.

पटावरचे तांदूळ

बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे प्रत्येक घरात दुप्पट करत जायचे आणि शेवटी राजाचे कोठार रिकामे व्हायचे. या गोष्टीत एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. पहिल्या तीन घरांतील दाण्यांची बेरीज ७ होते, म्हणजे चौथ्या घरातील ८ पेक्षा एकाने कमी. पहिल्या पाच घरांची बेरीज ३१ होते, म्हणजे ३२ पेक्षा एकाने कमी. कितीही घरे घेतली, तरी एकूण दाणे हे पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा नेमके एकाने कमी असतात. दोनचा कोणताही घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा, अशा रीतीने मिळणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात.

नवी विक्रमी संख्या अशीच आहे: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा एक. पटाला चौसष्टऐवजी तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस घरे असती, तर राजाला एकूण तेवढे दाणे द्यावे लागले असते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, जिथे फक्त ० आणि १ असतात, तिथे ही संख्या आणखी साधी दिसते: एकापुढे एक असे १३,६२,७९,८४१ एक. वरच्या चौतीस खंडांतला सगळा गोंधळ आपल्या दशमान लेखनाचा आहे.

खऱ्या पटावरील चौसष्ट घरांची बेरीज मात्र मूळ नाही. ती ५ ने संपते, तेव्हा तिला निदान ५ ने भाग जातोच. यामागे एक नियम आहे. नुसत्या एकांची रांग कल्पावी. रांगेत सहा एक असतील, तर तिचे तीन-तीनचे दोन गट पडतात, आणि ११११११ ही संख्या १११ गुणिले १००१ अशी फोडता येते. हे दशमान पद्धतीतही खरे आहे आणि द्विमान पद्धतीतही, जिथे तिचा अर्थ ६३ = ७ × ९ असा होतो. थोडक्यात, घरांची संख्या समान गटांत वाटता आली, की दाण्यांच्या बेरजेलाही विभाजक मिळतो. म्हणून मर्सेन संख्या मूळ असण्यासाठी घातांक स्वतः मूळ असावाच लागतो. १३,६२,७९,८४१ ही संख्याही मूळ आहे.

उलट बाजूने मात्र खात्री नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा एक म्हणजे २,०४७, आणि ती २३ × ८९ आहे. मूळ घातांक म्हणजे प्रवेशपत्र. परीक्षा पुढे द्यायचीच असते.

यादीतल्या चुका आणि विभाजकाशिवायची साक्ष

मरँ मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मोपदेशक. त्याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या ज्या घातांकांसाठी अशा संख्या मूळ असतात त्यांची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यादीत पाच चुका होत्या. ६७ आणि २५७ तिथे नको होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. त्या काळी हे तपासण्याचे साधनच नव्हते, त्यामुळे चुकांबद्दल त्याला फार दोष देण्यात अर्थ नाही. ३१ या घातांकाची संख्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचे ऑयलरने सिद्ध करायला १७७२ साल उजाडले.

खरी कलाटणी १८७६ मध्ये मिळाली. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने अशी कसोटी शोधली, जिच्यात विभाजकांचा संबंधच येत नव्हता. तिच्या आधारे त्याने १२७ या घातांकाची ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, आणि तो विक्रम पंचाहत्तर वर्षे टिकला. ६७ या घातांकाची संख्या संयुक्त आहे हेही त्यानेच दाखवले, पण तिचे विभाजक कोणते ते त्याला सांगता आले नाही. हे अनेकांना आजही पटत नाही: फुटते हे नक्की, पण कुठे फुटते ते माहीत नाही, असे कसे? विभाजक सापडायला १९०३ साल लागले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन अवयव मांडले. व्याख्यानात ते एक शब्दही न बोलता फळ्यावर फक्त गुणाकार करून खाली बसले, असा किस्सा सांगतात. किस्सा थोडा रंगवलेला असू शकेल, पण गुणाकार बरोबर आहे.

शेवटी शून्य उरले पाहिजे

ल्युकाच्या कसोटीला १९३० मध्ये अमेरिकेच्या डेरिक हेन्री लेमर यांनी सुटसुटीत रूप दिले. तिला ल्युका-लेमर कसोटी म्हणतात, आणि ती सातवीतल्या मुलालाही करता येईल. ४ पासून सुरुवात करायची. हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, आणि आलेल्या उत्तराला तपासावयाच्या मर्सेन संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. हेच पुन्हा करायचे. घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या पायऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. शून्य आली नाही, तर संयुक्त.

३१ घेऊन पाहू. तिचा घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, आणि ३१ ने भागल्यावर बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, आणि बाकी शून्य. ३१ मूळ आहे. आता २,०४७ घेतली, तर नऊ पायऱ्यांत बाक्या अशा येतात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य आले नाही, म्हणून ही संख्या संयुक्त. सगळ्या हिशेबात २३ आणि ८९ यांचे नाव कुठेही निघाले नाही.

हे चालते कशामुळे? ४ म्हणजे (२ + √३) आणि (२ − √३) या दोन संख्यांची बेरीज. या दोघींचा गुणाकार नेमका १ येतो, त्यामुळे बेरजेचा वर्ग करून २ वजा केले, की दोघींच्या वर्गांची बेरीज उरते. म्हणजे प्रत्येक पायरीला आपण (२ + √३) चा घात दुप्पट करत असतो, तोच पटावरचा खेळ. बाक्यांच्या मर्यादित जगात असे घात घेत गेले, की कधीतरी फेरी पूर्ण होऊन आपण १ वर परत येतो. शेवटच्या पायरीला शून्य आले, तर त्याचा अर्थ असा निघतो, की ती फेरी तपासावयाच्या संख्येहूनही एकाने लांब आहे. आता त्या संख्येला वर्गमुळाच्या आतला एखादा विभाजक आहे असे मानले, तर त्या विभाजकाच्या बाक्यांच्या जगातही फेरी तितकीच लांब असायला हवी. पण तिथे एकूण जागाच विभाजकाच्या वर्गाहून कमी, म्हणजे तपासावयाच्या संख्येहूनही कमी असतात. शंभर खोल्यांच्या वाड्यात दीडशे वेगवेगळ्या खोल्या हिंडून आलो, असे कोणी म्हटले तर जशी ती थाप ठरते, तसा तो विभाजकही थाप ठरतो. संख्येला विभाजक असू शकत नाही हे अशा रीतीने, एकही विभाजक न तपासता, सिद्ध होते.

शून्य आले नाही तर संख्या संयुक्तच, या दुसऱ्या अर्ध्या भागाची सिद्धता थोडी अधिक लांब आहे, म्हणून ती इथे देत नाही.

तेरा कोटी वर्ग कसे केले?

विक्रमी संख्येसाठी या कसोटीच्या १३,६२,७९,८३९ पायऱ्या होतात, आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकी संख्येचा वर्ग करावा लागतो. हे जमते ते दोन युक्त्यांमुळे.

पहिली युक्ती भागाकाराची. एखाद्या संख्येला ९ ने भागल्यावर बाकी काय उरेल हे पाहण्यासाठी आपण भागाकार करत नाही, अंकांची बेरीज करतो. ते चालते, कारण ९ ही १० पेक्षा एकाने कमी आहे. मर्सेन संख्याही दोनच्या घातापेक्षा एकाने कमी असते, म्हणून द्विमान पद्धतीत लांबलचक वर्गाचे मधोमध दोन तुकडे करून ते एकमेकांत मिळवले, की बाकी हाती येते. एवढ्या पायऱ्यांमध्ये एकही खराखुरा भागाकार करावा लागत नाही. दुसरी युक्ती गुणाकाराची: अंकांच्या रांगेला लहरीसारखे वागवून तिचे घटक वेगळे करायचे, घटकांवर काम करायचे आणि पुन्हा जोडायचे. जलद फूरिये रूपांतर असे तिचे नाव आहे, आणि फोनमधला आवाज आणि वैद्यकीय स्कॅन यांच्या प्रक्रियेतही तेच वापरले जाते.

सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्या बहुधा मर्सेन संख्याच का असतात, याचे उत्तरही इथेच आहे. हे आकार निसर्गतः अधिक ‘मूळ’ असतात म्हणून नव्हे, तर त्यांची परीक्षा घेणे स्वस्त पडते म्हणून. कोणत्याही संख्येची खात्रीशीर आणि सैद्धांतिकदृष्ट्या झटपट परीक्षा घेणारी पद्धत कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये शोधली, आणि ती गणितातली मोठीच घटना होती. पण चार कोटी अंकांच्या प्रत्यक्ष कामाला ती परवडत नाही.

मर्सेन मूळ संख्यांचा शोध ‘जिंप्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपक्रमातून चालतो. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये तो सुरू केला, आणि जगभरातील हौशी मंडळी आपल्या संगणकाचा रिकामा वेळ त्याला देतात. नव्या संख्येआधीचा विक्रम डिसेंबर २०१८ मधला, २,४८,६२,०४८ अंकी होता. नवी संख्या शोधणारे ल्यूक ड्युरांट हे अमेरिकेतील सॅन होझे येथील, एनव्हिडिया कंपनीत पूर्वी काम केलेले संशोधक. त्यांनी घरच्या संगणकाऐवजी सतरा देशांतील डेटा सेंटरांमधले ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेऊन या कामाला लावले. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधल्या एका प्रोसेसरने ही संख्या बहुधा मूळ असल्याचे कळवले, आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे ल्युका-लेमर कसोटीत शेवटी शून्य आले.

‘बहुधा मूळ’ म्हणजे काय, आणि संगणक चुकला असेल तर?

पहिली चाचणी फर्माच्या एका प्रमेयावर चालते. मूळ संख्या घेतली आणि ३ चा तिच्याहून एकाने कमी असलेला घात केला, तर त्या संख्येने भागून बाकी १ येते (३ ही संख्या स्वतः सोडून). ७ साठी ३ चा सहावा घात ७२९, आणि ७ ने भागून बाकी १. बाकी १ आली नाही, तर संख्या नक्की संयुक्त. आली, तर मात्र शंकेला जागा उरते: ९१ ही ७ × १३ असूनही या चाचणीतून सहीसलामत सुटते. मोठ्या संख्यांमध्ये असे तोतये अतिशय विरळ असतात, तरी ‘विरळ’ म्हणजे ‘सिद्ध’ नव्हे. तरीही सुरुवातीला या चाचणीलाच पसंती मिळते, कारण हिशेब करता करताच चूक पकडण्याची सोय तिच्यात करता येते, आणि केलेले काम दुसऱ्याला थोडक्या वेळात पडताळून पाहता येते.

चुकीची शंका रास्तच आहे. दिवसचे दिवस चालणाऱ्या हिशेबात कुठेतरी एक ० जागी १ झाला, तर पुढचे सगळे वाया. म्हणून जाहीर करण्याआधी निरनिराळ्या प्रोग्रॅमनी, निरनिराळ्या यंत्रांवर, तीच कसोटी पुन्हा घेतली गेली. इथे एक गोष्ट धीर देणारी आहे. बिघडलेल्या हिशेबाची शेवटची बाकी चार कोटी अंकांतली काहीही असू शकते. ती योगायोगाने नेमकी शून्य यावी, याची शक्यता जवळजवळ नाहीच. चुकीचा धोका खरा असतो तो उलट दिशेने, म्हणजे एखादी खरी मूळ संख्या नजरेतून निसटण्याचा.

बँकेचे व्यवहार यामुळे सुरक्षित होतात का?

‘मूळ संख्यांवर इंटरनेटची सुरक्षा अवलंबून आहे’ हे वाक्य अशा प्रत्येक बातमीच्या शेपटाला असते. वाक्य खरे आहे, पण या संख्येशी त्याचा संबंध नाही. माहिती गुप्त ठेवण्याच्या प्रचलित आरएसए पद्धतीत साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्या गुणून कुलूप बनवतात, आणि त्या दोन संख्या गुप्त राहण्यातच सगळे मर्म असते. वर्तमानपत्रात छापून आलेली संख्या गुप्त किल्ली म्हणून कोण वापरणार? शिवाय चार कोटी अंक प्रत्येक व्यवहारात हाताळायचे, तर पैसे पोचायच्या आत दुकान बंद होईल.

लहान मर्सेन मूळ संख्या मात्र खरोखरच कामाच्या आहेत. ५२१ या घातांकाची १५७ अंकी संख्या अमेरिकी मानकांतील एका सांकेतिक पद्धतीचा पाया आहे, आणि तिथे तिची निवड वरच्याच कारणाने होते: बाकी काढायला तुकडे करून बेरीज पुरते. पायथन भाषेत यादृच्छिक संख्या मागितल्या, की ज्या कृतीतून त्या येतात तिचे चक्र १९,९३७ या घातांकाच्या मर्सेन मूळ संख्येइतके लांब असते, आणि तिच्या नावातही मर्सेन आहे. या शोधासाठी लिहिलेले प्रोग्रॅम प्रोसेसरवर इतका ताण आणतात, की २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष त्यांच्यामुळेच उघड झाला.

एक जुना धागाही आहे. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येबरोबर एक परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे ६ किंवा २८ सारखी, जिच्या स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच असते (१ + २ + ३ = ६). हा संबंध युक्लिडला माहीत होता. नव्या संख्येतून मिळालेली परिपूर्ण संख्या ८,२०,४८,६४० अंकी आहे. तिचा उपयोग विचाराल, तर काहीही नाही. माझ्या मते त्याबद्दल ओशाळे व्हायचे कारण नाही.

मग याहून मोठी मूळ संख्या नाहीच का?

आहे, आणि अगणित आहेत. युक्लिडने ते तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. आपल्या विक्रमी संख्येच्या परिसरात सरासरी साडेनऊ कोटी संख्यांमागे एक मूळ संख्या असावी असा गणिताचा नियम सांगतो, आणि ही संख्या व तिची दुप्पट यांच्या दरम्यान मूळ संख्या असतेच, हेही सिद्ध आहे. अडचण अशी, की त्यांतल्या एकीकडेही बोट दाखवता येत नाही, कारण त्यांच्या अंगावर एकांची सरळ रांग नाही आणि शेवटी शून्य आणणारी स्वस्त परीक्षाही नाही. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे तर अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. ही ज्ञात असलेली ५२ वी, एवढेच म्हणता येते. तिच्या अलीकडचे सगळे घातांक दुहेरी तपासून झालेले नसल्यामुळे क्रमवारीतही ती बावन्नावीच आहे, असे मात्र म्हणता येत नाही.

दहा कोटी किंवा त्याहून अधिक अंकांची मूळ संख्या पहिल्यांदा शोधणाऱ्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दीड लाख डॉलरचे बक्षीस ठेवले आहे. त्यासाठी पटाला तेहतीस कोटी एकवीस लाखांहून अधिक घरे लागतील, आणि पायऱ्या अडीचपट, प्रत्येक पायरी अडीचपट जड, म्हणून एकेका घातांकाची परीक्षा आजच्या सहापट लांबेल. एवढ्या मोठ्या पटावर शून्य अजून कोणालाही मिळालेले नाही.